बिनवासाची सुरमई

व्हॅक्यूम सीलर कशासाठी घेतला, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, मटारासाठी. दिल्लीकडे हिवाळ्यात मटार इतका येतो की घरोघरी तो सोलून वर्षभरासाठी फ्रीझरमध्ये भरतात, त्यामुळे हे उत्तर सगळ्यांना पटायचं. खरं कारण माझे बाबा होते.

आई गेल्यावर बाबा गावी एकटे राहत होते. गाव मुरुडच्या बाजूला, समुद्र चालत जाण्याइतका जवळ. एकदा ते न्हाणीघरात पडले. हाड वाचलं, पण त्यांना पुन्हा एकटं ठेवायची माझी हिंमत राहिली नाही, म्हणून मी त्यांना फरीदाबादला घेऊन आले. इथे आम्ही एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, पहिला मजला भाड्याने घेतला होता. खाली घरमालकीणबाई एकट्या राहायच्या. घर देताना त्यांनी आमचं गाव, पगार, देवधर्म काही विचारलं नव्हतं. एवढंच म्हणाल्या होत्या, "नॉनव्हेज घर में नहीं आएगा, अंडा भी नहीं." नवऱ्याने लगेच "बिल्कुल नहीं, आंटीजी" म्हणून टाकलं. तेव्हा ते खरंच होतं. मासे-मटण आम्ही दोघं बाहेर खायचो आणि घरी डाळभाजी.

बाबा आले आणि जेवेनासे झाले. रुसवाफुगवा काही नव्हता. पानावर बसायचे, वरणभात कालवायचे, चार घास घ्यायचे आणि उरलेला भात ताटाच्या कडेला सारून ठेवायचे. पनीर तोंडात घेतलं की त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा व्हायचा. राजमा पचायचा नाही. विजार कमरेवर राहीना, म्हणून नवऱ्याने पट्ट्याला सळईने नवीन भोकं पाडून दिली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "हे आधी काय खायचे?" मी म्हटलं, मासे. रोज? हो, रोज. "मग द्या ना," त्या म्हणाल्या. "या वयात एकदा अंग उतरलं की परत भरत नाही."

द्या ना! सांगायला काय जातं.

मी घरमालकीणबाईंना विचारायला हवं होतं, असं पुढे मला पुष्कळ जणांनी ऐकवलं. ज्यांनी ऐकवलं त्यांनी दिल्लीकडे घर शोधलेलं नव्हतं. आम्ही शोधलं होतं. नवऱ्याच्या कारखान्याजवळ, तळमजल्याला किंवा पहिल्या मजल्याला, म्हाताऱ्या माणसाला झेपेल असं घर मिळणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. म्हणून मी विचारलं नाही. मशीन मागवलं.

आता त्या मशीनविषयी थोडं सांगते, कारण त्या वर्षात मी त्यातली पंडित झाले होते. मशीन एकदाच घ्यायचं असतं. खरा खर्च पिशव्यांच्या रोलचा. पहिल्या रोलचं मी मातेरं केलं. माशाची ओली तुकडी तशीच पिशवीत घातली की मशीन हवेबरोबर पाणीही ओढतं, तोंड ओलं होतं आणि चिकटतच नाही. पिशवी फुकट. मग मी शिकले की तुकड्यांना आधी हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून ताटलीत सुट्या गोठवायच्या आणि दगड झाल्या की पिशवीत भरायच्या. पिशवी मापून कापायची. भाजणी, रवा, शेंगदाणे अशा कोरड्या वस्तूंसाठी मात्र चार बोटं जास्त ठेवायची, म्हणजे वरून कापून, धुऊन, वाळवून तीच पुन्हा वापरता येते; दर वेळी ती थोडी आखूड होते आणि शेवटी मिरीवेलचीपुरती उरते. लाल मिरच्या आणि दालचिनी कागदात गुंडाळल्याशिवाय घालायची नाही, टोकाने पिशवीला भोक पडतं. माशाची पिशवी पुन्हा वापरायची नाही, कितीही जीव तुटला तरी.

बाबांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. "हवा काढलीस ना? मग फ्रीझर कशाला अजून?" ते विचारायचे. मी सांगायचे की हवा नसतानाही वाढणारे जंतू असतात आणि ते जास्त वाईट. त्यावर ते म्हणायचे, "आमच्याकडे जंतूंना वेळच मिळत नव्हता. सकाळी आलेला मासा दुपारी पोटात."

नवरा रविवारी गाडीने दिल्लीच्या आयएनए मार्केटला जायचा आणि डिकीत थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून सुरमई आणायचा. जिन्यातून खोकं वर आणताना आम्ही दोघं उगाच मोठ्याने बोलायचो. शिजवायची ती पिशवीतच. पातेल्यात पाणी उकळायचं, गॅस बारीक करायचा, गोठलेली पिशवी तशीच आत सोडायची आणि झाकण ठेवायचं. वास म्हणून बाहेर येत नाही. बाबांच्या खोलीचं दार लावून मी पिशवी कापायचे आणि तुकडी भातावर ठेवायचे. पहिल्या दिवशी बाबांनी भात दुसऱ्यांदा मागितला. मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून रडले, इतकं मला बरं वाटलं.

रिकामी पिशवी साबणाने धुवायची, वर्तमानपत्रात बांधायची आणि नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत घालायची. तो ती कारखान्याजवळच्या कचराकुंडीत टाकायचा. मी हे हसत सांगते आहे, पण तेव्हा हसू येत नव्हतं. दारावरची घंटा वाजली की मी आधी ओट्यावरून नजर फिरवायचे, मगच दार उघडायचे.

बाबांना जेवण जात होतं, तरी आवडत नव्हतं. एकदा तुकडी मोडता मोडता म्हणाले, "याला वासच नाही गं."

"बाबा, वास नाही म्हणून तर मिळतंय."

"चोरून खाल्ल्यासारखं वाटतं."

मी चिडले. म्हटलं, "चोरून आणायचं काम आमचं आहे, तुम्ही फक्त खा." त्यांनी खाल्लं. वजन हळूहळू वर चढलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

हिवाळ्यात बाबा खाली जाऊ लागले. अंगणात ऊन यायचं तिथे घरमालकीणबाई लोकरी शाल पांघरून, खाटेवर मटाराचं पोतं ओतून बसलेल्या असायच्या. बाबांचं हिंदी ऐकून मला लाज वाटायची, पण बाईंना ते चाललं. त्या त्यांना भाईसाहब म्हणायच्या, ते त्यांना बहनजी. दोघं समोरासमोर बसून मटार सोलायचे. बोलणं काय, तर त्यांच्या वारलेल्या यजमानांचं, आमच्या आईचं, गुडघ्यांचं, थंडीचं. बाबा आल्यापासून पहिल्यांदाच कुणाशी तरी माझ्याशिवाय बोलत होते. बाई त्यांना गुळाची गजक द्यायच्या, मेथीचे पराठे वर पाठवायच्या. माणूस म्हणून त्या चांगल्या होत्या, हे मला इथे सांगितलंच पाहिजे.

एक दिवस बाबाच त्यांना म्हणाले, "मेरी बेटी के पास मशीन है. मटर एकदम ताजा रहता है." झालं. सोललेला मटार घेऊन त्या वर आल्या. मी तो उकळत्या पाण्यातून काढला, थंड केला, ताटात पसरून गोठवला आणि पाकिटं करून दिली. चपटी, हिरवी, एकसारखी. त्या हरखून गेल्या. मग मेथी झाली, किसलेलं गाजर झालं. दर वेळी मी मशीन व्हिनेगरने पुसायचे, फडकं वेगळं ठेवायचे. माशाच्या तुकड्या गोठूनच पिशवीत जायच्या, मशीनला त्यांचा थेंब लागायचा नाही. माझं मन मला सांगत होतं की हे स्वच्छ आहे. त्यांच्या मनाला काय वाटेल, याचा विचार मी बाजूला ठेवला होता.

मे महिन्यात, लूचे गरम वारे सुरू झालेले असताना, आमचा फ्रीज बंद पडला. कॉम्प्रेसर गेला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट उद्या मिळेल. बाहेर अशी आग पडलेली की पाणी नळातून गरम येत होतं. मी पाकिटं टॉवेलमध्ये गुंडाळत होते तेवढ्यात घरमालकीणबाई जिना चढून आल्या, हातात मोठी प्लास्टिकची टोपली. मेकॅनिकनेच खाली सांगितलं असणार.

"मेरा फ्रीजर आधा खाली पड़ा है. लाओ, सब दे दो."

"नको, नको, आंटीजी, रहने दीजिए. थोड़ा सा ही है."

"अरे, थोड़ा सा क्या. इतनी मेहनत से रखा है तुमने." आणि त्या वाकून स्वतःच पाकिटं उचलून टोपलीत भरायला लागल्या. मटार, ओलं खोबरं, मोड आलेले वाल. तळाशी सुरमई होती. मसाला लावलेली, त्यामुळे लालसर, काय आहे ते पटकन कळू नये अशी. त्यांनी दोन पाकिटं उचलली. त्यांच्या स्वयंपाकघरातच, फ्रीजला लागून, देव्हारा होता. ती पाकिटं तिथे जाणं मला होऊ द्यायचं नव्हतं आणि खरं सांगायचंही नव्हतं.

खुर्चीवर बसलेले बाबा म्हणाले, "बहनजी, वो मत लो. उसमें मच्छी है."

बाईंनी ती पाकिटं ओट्यावर ठेवली. फेकली नाहीत, नीट ठेवली. मग त्या आमच्या बेसिनकडे गेल्या आणि हात धुवायला लागल्या. साबण लावला, चोळला, पुन्हा लावला, पार कोपरापर्यंत. आम्ही दोघं बघत होतो. पदराला हात पुसून त्या वळल्या तेव्हा त्यांची नजर माझ्यावर नव्हती, कोपऱ्यातल्या मशीनवर होती.

"बेटा, मेरे मटर भी इसी में..."

"आंटीजी, मैं हर बार साफ करती थी. वो तो थैली के अंदर होता है, मशीन को लगता ही नहीं..." मी बोलत सुटले. गोठवणं, व्हिनेगर, वेगळं फडकं, सगळं. त्या ऐकून घेत होत्या असं वाटलं, पण नसाव्यात. टोपली तिथेच ठेवून त्या जिना उतरून गेल्या.

मी बाबांवर भडकले. "गप्प बसता नाही आलं?"

"तिच्या देवापाशी गेलं असतं," बाबा म्हणाले. "तुला चाललं असतं?"

संध्याकाळी नवऱ्याने बर्फाची लादी आणली, त्यात जेवढं वाचलं तेवढं वाचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभे होते. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली. खालच्या कामवालीने गेटबाहेर दोन मोठ्या पिशव्या नेल्या आणि गाडीत उलट्या केल्या. मटाराची पाकिटं निघाली. न उघडलेली, एकावर एक, फरशांसारखी. मग मेथीची, मग गाजराची. अख्खा हिवाळा त्या दोघांनी उन्हात बसून सोललेलं होतं ते. गाडीवाल्याने त्यातलं एक पाकीट उचललं, बोटांनी दाबून पाहिलं आणि आपल्या सीटजवळ ठेवलं. बाकीचं गेलं.

बाबा आत आले. कप टेबलावर ठेवला. चहा तसाच होता.

त्या दिवसापासून त्यांनी माशाला हात लावला नाही. मी वाढलं की ताट सरकवायचे. "मला वरणभात पुरे," म्हणायचे, आणि वरणभातही पुन्हा ताटाच्या कडेला सारायचे. मी समजावलं, ओरडले, एकदा हातही जोडले. "माझ्यापायी तुमचं घर जाईल," एवढंच त्यांचं पालुपद. अंगणात जाणंही थांबलं. दुपारभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पट्टा पुन्हा आतल्या भोकावर गेला. डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे पाहिलं आणि या वेळी मला बाजूलाही घेतलं नाही, बाबांसमोरच म्हणाल्या, "असं चाललं तर मला ॲडमिट करून नळीने द्यावं लागेल."

मला सगळ्यांचा राग येत होता. बाबांचा, बाईंचा, स्वतःचा, त्या थर्माकोलच्या खोक्याचासुद्धा. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या की "नमस्ते, बेटा" म्हणायच्या, पूर्वीसारख्याच आवाजात, आणि मला ते शिवीपेक्षा जास्त लागायचं. घर सोडा, असं त्या म्हणत नव्हत्या. मी रोज वाट पाहायचे, आज म्हणतील.

शेवटी मीच त्यांना अंगणात गाठलं. म्हटलं, "आंटीजी, जो कहना है कह दीजिए."

त्या तुळशीला पाणी घालत होत्या. लोटा खाली ठेवून म्हणाल्या, "मुझसे पूछा क्यों नहीं?"

"पूछती तो आप हाँ कहतीं?"

त्यांनी खरंच विचार केला. "नहीं," म्हणाल्या. "पर तुम्हें झूठ तो न बोलना पड़ता."

हे खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. मी म्हटलं, "बाबा ने वो मटर देखे. गाड़ी में जाते हुए. तब से खाना छोड़ दिया है."

त्यांचा चेहरा पडला. हे त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळ त्या तुळशीची सुकलेली पानं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेरी रसोई में ठाकुरजी बैठे हैं, बेटा. मैं और क्या करती?" आणि थोड्या वेळाने, "मकान की बात मैंने नहीं की. रहो आराम से. बस, अब वो चीज ऊपर न आए. भाईसाहब से कहना, नीचे आया करें."

त्या मनापासून बोलत होत्या. आमचं घर वाचलं होतं. मी जिना चढले, बाबांच्या खोलीत डोकावले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. शर्टाच्या आत त्यांच्या पाठीचे मणके दिसत होते. मी त्यांना बाईंचा निरोप सांगितला. ते वळले नाहीत. म्हणाले, "तिने हात धुतले ते मी बघितलं. तिचंही चुकलं नाही. पण आता मी कुठल्या तोंडाने खाली जाऊन बसू?"

मी नवऱ्याला कारखान्यात फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, "मी आज घरात मासे तळणार आहे." त्याला कारखान्यापासून इतकं जवळ घर पुन्हा मिळणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो म्हणाला, "मीच घेऊन येतो. अर्धा दिवस टाकतो."

सुरमई आली. ताजी, जाड तुकड्यांची. या वेळी मी काही गोठवलं नाही, काही सील केलं नाही. लसूण ठेचला, मिरची, हळद, आगळ लावलं. तांदळाच्या पिठात रवा मिसळून तुकड्या घोळवल्या. तवा तापवला. आणि स्वयंपाकघराची खिडकी, बाल्कनीचं दार, जिन्याकडचं दार, सगळं उघडं टाकलं. लपवायचं नव्हतं, ज्यांना कळायचं त्यांना माझ्याकडूनच कळावं असं वाटत होतं. पहिली तुकडी तेलात सोडली तेव्हा तो आवाज आणि त्यामागून तो वास, त्या घरात कधीच न आलेला, बैठकीतून, बाबांच्या खोलीवरून, जिन्यातून खाली उतरत गेला.

मी हाक मारली नव्हती. बाबा दारात येऊन उभे राहिले. चष्मा नव्हता, केस विस्कटलेले.

"खिडकी लाव," ते म्हणाले.

"नाही लावणार."

"अगं, वास जातोय खाली."

"जाऊ दे."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी लहान असताना खोटं बोलले की असंच पाहायचे, पण या वेळी मी खोटं बोलत नव्हते. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मी भात वाढला, आमटी वाढली, तव्यावरची तुकडी सरळ पानात ठेवली. त्यांनी बोटं भाजून घेत ती मोडली.

तेवढ्यात खाली खिडकी लागली. मग दुसरी. लोखंडी कड्या सरकल्याचे आवाज एकामागून एक वर येत होते, शांतपणे, न आपटता. शेवटी अंगणाकडचं दार लागलं. बाबांचा घास हातातच राहिला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते उठतील.

बाबांनी तो घास तोंडात घातला. सावकाश चावला. काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, भात पुढे ओढला आणि सगळी तुकडी संपवली.

"अजून एक दे," ते म्हणाले. "आणि उद्यापासून दुसरं घर बघायला लागा."